वरच्या ओळीत इच्छा, खालच्या ओळीत भीती

पुण्यातली नोकरी सोडून मी तळोद्याला घरी आले, तेव्हा आई-आप्पांना सांगितलं की कंपनीने आता घरूनच काम करायची परवानगी दिली आहे. ते खरं नव्हतं. नोकरी मी सोडून दिली होती. हाताला काम मात्र होतं. एका ओळखीच्या बाईंनी भाषांतराचं काम मिळवून दिलं होतं. एक लहानशी कंपनी आपला कॉम्प्युटरवरचा खेळ भारतीय भाषांत आणत होती, आणि त्यातलं मराठी माझ्याकडे आलं होतं.

खेळ तसा साधा. त्यात जिंकणं-हरणं नाही. एक माणूस बनवायचा, त्याला घर द्यायचं, वेळेवर जेवू घालायचं, आंघोळीला पाठवायचं, कामाला लावायचं, शेजाऱ्यांशी बोलायला लावायचं. माणूस हळूहळू मोठा होतो, लग्न करतो, म्हातारा होतो. मी हे सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "हाई ते आपण रोजच करतस. त्याले खेळ काय म्हनानं?"

माझ्या वाट्याला आलेल्या फाइलमध्ये त्या माणसांच्या इच्छा आणि भीती होत्या. म्हणजे असं, की खेळातल्या प्रत्येक माणसाच्या नावाखाली, स्क्रीनच्या कोपऱ्यात, दोन ओळी असतात. वरच्या ओळीत तीन गोल. त्यात त्याला या घडीला काय हवंय ते लिहून येतं. कुणाला मित्राशी गप्पा मारायच्या असतात, कुणाला नवी खुर्ची घ्यायची असते, कुणाला नोकरीत बढती हवी असते. ही इच्छा त्याच्या स्वभावावरून येते आणि नुकतंच काय घडलं त्यावरूनही येते. खेळणाऱ्याने ती पुरी केली तर माणूस खूश. नाही केली तर दोन-तीन दिवसांत ती आपोआप विरून जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. एखादी इच्छा जाऊ द्यायची नसेल तर तिला टाचणी मारून ठेवता येते.

खालच्या ओळीत भीती. ती सगळ्यांना नसते. काहीतरी वाईट घडलं तरच तिथे राखाडी गोल उमटतो आणि मग तो स्वतःहून जात नाही.

मला या वाक्यांनी घाम फोडला. गोल लहान, अक्षरं मोजकी. 'आपण कुणालाच आवडत नाही अशी भीती' एवढं त्यात मावत नाही. कंपनीला प्रमाण मराठी हवी होती. मी एकेक शब्द मोठ्याने म्हणून बघायचे. इच्छा, आस, हौस, मनात आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हौस लिख. इच्छा ते मरानी येळले इचारतस." मी हसून पुन्हा 'इच्छा'च लिहायचे.

आप्पा दुपारी माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसू लागले ते याच दिवसांत. आप्पांनी वीस-बावीस वर्षं तळोदा ते धडगाव काळीपिवळी चालवली. स्वतःची जीप. घाटातला प्रत्येक दगड त्यांना ठाऊक. बाजाराच्या दिवशी आत माणसं, वर आमचुराची पोती, आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं. मी लहान असताना त्यांच्या शर्टाला कायम डिझेलचा आणि आंबट आमचुराचा वास असायचा. पण मी परत आले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी जीप चालवणं बंद केलं होतं. गुडघे दुखतात म्हणाले. क्लच दाबवत नाही. जीप आता धडगावकडचा पावरा जमातीचा एक ड्रायव्हर चालवायचा. चाळिशीतला, शांत माणूस. आप्पा सकाळी स्टँडवर जायचे, पहिली गाडी भरून निघाली की घरी यायचे. त्यानंतर दिवसभर त्यांना काम नसायचं.

काही वाक्यं नुसती फाइलमध्ये वाचून कळायची नाहीत, खेळात ती कधी येतात ते बघावं लागायचं. त्यासाठी मी एक बाई बनवली होती, तिला नवराही दिला होता. एका दुपारी मला 'आगीची भीती' हे वाक्य तपासायचं होतं. मी त्या बाईला चुलीवर भाजी ठेवायला लावली आणि भाजी तशीच सोडून झोपायला पाठवलं.

"अरे, जळी जाई!" आप्पा म्हणाले.

"जळू द्या. तेच बघायचंय."

भाजी पेटली, ओटा पेटला, बाई धावत आली आणि आगीसमोर हात हलवत नुसती ओरडत राहिली. शेजारचा माणूस येऊन आग विझवून गेला. खालच्या ओळीत राखाडी गोल उमटला. माझे शब्द बरोबर मावले होते. मी फाइलमध्ये खूण केली आणि पुढच्या वाक्याकडे वळले. पण आप्पा स्क्रीनकडेच बघत होते. खेळात दुसरा दिवस उजाडला होता. बाई भुकेने वाकली होती. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची, थांबायची, मागे फिरायची.

"तिले भूक लागनी व्हई ना?"

"हो. पण तिला चुलीची भीती बसलीय. मी सांगितलं तरी ती आता जाणार नाही."

"मंग हाई जास कशी?"

मी नियम सांगितला. एक तर तीच गोष्ट तीनदा करून बघायची. पहिल्यांदा हात थरथरतात, काम बिघडतं, दुसऱ्यांदा थोडं कमी. तिसऱ्यांदा भीती पुसली जाते. नाहीतर घरातल्या जवळच्या माणसाशी त्याबद्दल बोलायचं. बोलल्याने ती जात नाही, पण अर्धी होते.

"मंग बोलत का नही ती? तो नवरा बठेल शे ना तठे."

"खेळणाऱ्याने बोलायला लावलं तरच बोलते. नवऱ्याला तो गोल दिसत नाही, आप्पा. एकाची भीती दुसऱ्याला दिसत नाही. फक्त खेळणाऱ्याला दिसते."

आप्पा खाटेवरून पुढे वाकले. मग म्हणाले, "आन् खेळनारा कोणी नसना तर? घरनास्ले कसं समजी?"

मी फाइल वर-खाली करून पाहिली. असा नियम त्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "आज माले बनाव." मला गंमत वाटली. मी त्यांचं नाक, मिशा, डोक्यावरचे विरळ केस असं सगळं जुळवत बसले. आईला हाक मारली. ती हात पुसत आली, बघून म्हणाली, "पोट इतलं कमी नही." पोट वाढवलं. आप्पा त्या छोट्या आप्पांना घरात फिरताना बघत राहिले. वरच्या ओळीत तीन गोल आले. मासे पकडायचे आहेत, नवा टीव्ही हवा आहे, शेजाऱ्याला विनोद सांगायचा आहे. खालची ओळ रिकामी.

"दख," आप्पा म्हणाले, "मन्हं भ्याव याले माहीत नही."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. भीतीचा तो शब्द आप्पांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आई दारातच थांबली.

मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं अर्धं आम्हाला माहीत होतं. मागच्या हिवाळ्यात धडगावहून खाली येताना सकाळी घाटात दाट धुकं होतं. वळणावर समोरून अचानक मोटरसायकल आली. आप्पांनी ब्रेक मारला, गाडी खडीवरून सरकली आणि मागचं एक चाक कडेच्या बाहेर गेलं. मोटरसायकलवाला वाचला. गाडीतली सगळी माणसं एकेक करून उतरली, कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. दोर लावून गाडी ओढून काढली. हे सगळं आप्पांनी त्या दिवशी घरी येऊन चहा पिता पिता हसत हसत सांगितलं होतं. आईने ते मला फोनवर सांगितलं होतं.

जे माहीत नव्हतं ते असं. माणसं उतरत होती तेवढा वेळ आप्पा स्टिअरिंगवरच होते. हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नव्हता. पाय ब्रेकवर दाबून ते बसले होते आणि मागून एकेक माणूस उतरला की गाडी जरा डुलायची. आरशात त्यांना धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. किती जण उतरले, किती राहिले, ते आवाजावरून ओळखत होते.

"एक म्हतारी व्हती," ते म्हणाले. "ती उतरेच ना. गाठोडं सोडे ना. मी वरडू शकत नव्हतू. वरडं तर पाय हाली, आसं वाटे. पाय मन्हा ऱ्हायनाच नव्हता."

त्यानंतर आठ दिवस ते रोजच्यासारखे घाटात गेले. नवव्या दिवशी पहिल्या वळणाआधी तोच पाय थरथरायला लागला आणि थांबेना. त्यांनी सवाऱ्यांना सांगितलं, गाडीत बिघाड आहे. सगळ्यांना मागून येणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं आणि रिकामी गाडी परत आणली. घरी सांगितलं, गुडघे.

 आई दारातून म्हणाली, "माले माहीत व्हतं."

आप्पांनी मान वर केली. "तुले कोणी सांगं?"

"सांगाले कसाले पाह्यजे? ज्याना गुडघा दुखतस तो मानूस रोज सकाळे पायपाय स्टँडवर जाई का? देव्हारापुढे मांडी घालीसन बठी का? मी काय आंधळी शे का?"

"मंग बोलनी काबर नही?"

"तुम्हले वाईट वाटी म्हणीसन." तिने पदराने चेहरा पुसला. "मनमा म्हने, तुम्हीच आज सांगशात, उद्या सांगशात. वरीस व्हयनं."

त्या दुपारी मी फाइल पुढे नेली नाही. एकाची भीती दुसऱ्याला दिसत नाही, हे वाक्य मीच आदल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आईला ती वर्षभर दिसत होती. तिने त्यांच्या गुडघ्याला रोज तेल लावून दिलं होतं, दुखत नसलेल्या गुडघ्याला, आणि आप्पांनीही ते निमूट लावून घेतलं होतं.

धडगावला जायचं मी सुचवलं नाही. तीन-चार दिवसांनी आप्पाच म्हणाले. चालवायचं नाही, नुसतं बसून जायचं. मलाही बरोबर चल म्हणाले. एक गोष्ट त्यांनी आणखी सांगितली आणि ती ऐकून मला हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं. वीस-बावीस वर्षं त्या घाटातून रोज दोनदा जाऊन त्यांनी दरी कधी धड बघितली नव्हती. ड्रायव्हरने रस्ता बघायचा. सवाऱ्या मागे बसून म्हणायच्या, काय हिरवंगार दिसतंय, आणि यांचे डोळे पुढच्या वळणावर. "एकदा दखानं शे," म्हणाले.

बाजाराचा दिवस टाळून आम्ही निघालो. ड्रायव्हरने आप्पांना पुढची खिडकी दिली. "बसा आप्पा, गाडी तुमचीच आहे," असं शाळेतल्या मराठीत म्हणाला. घरी तो पावरी बोलतो, आमच्याशी मराठी, आणि स्टँडवर भांडताना अहिराणी. मी आप्पा आणि त्याच्या मध्ये बसले. मागे आठ-दहा माणसं, बहुतेक तळोद्याच्या ऑफिसात कागद देऊन परत निघालेली.

सपाटीवर आप्पा मजेत होते. केळीच्या बागा कुणाच्या, कोणत्या विहिरीला पाणी कमी, सगळं सांगत होते. चढ लागला तसे बोलायचे थांबले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाला दाबलेला मला दिसत होता. तिथे ब्रेक नव्हता, पण ते दाबत होते. ते वळण यायच्या आधी त्यांनी ड्रायव्हरच्या दिशेने हात केला.

"थांबाड. उतरस मी. पायपाय येस."

ड्रायव्हरने एक शब्दही न विचारता गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागे चुळबुळ झाली. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. लोक काय म्हणतील, हेच आधी मनात आलं. मी मागे वळून काहीतरी सांगणार, एवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारी उतरली आणि पावरीत काहीतरी बोलून आप्पांच्या पुढे चालायला लागली. ड्रायव्हर हसला. "ती म्हणते, माझ्या पोटात ढवळतं या वळणावर. मला तर रोज चालायचं असतं, पण एकटीसाठी कोण थांबतो."

तिच्या मागे आणखी दोघं उतरले. मग मीही. हलकी झालेली जीप हळूहळू पुढे, आणि मागून आम्ही पाच जण चालत. आप्पा डोंगराला हात लावत चालले होते. वळणाच्या मधोमध म्हातारी थांबली, कमरेवर हात ठेवून दरीकडे बघत उभी राहिली. तिला दम लागला होता. आप्पाही थांबले. डोंगराचा हात सोडला नाही, पण मान वळवली.

खाली शेताचे लहान लहान तुकडे होते, एक-दोन घरं, धूर. काही विशेष नव्हतं. आप्पा बराच वेळ बघत होते.

"घरं शेतस तठे," एवढंच म्हणाले. "माले वाटे, खाले काहीच नही."

धडगावला आम्ही भजी खाल्ली, चहा प्यायलो. ओळखीचे दहा जण भेटले. गुडघे कसे आहेत म्हणून सगळ्यांनी विचारलं. पहिल्या चौघांना आप्पा "बरं शे" म्हणाले. पाचव्याला म्हणाले, "गुडघा बराच व्हता. मी भिई गयथू." त्या माणसाला ते नीट कळलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "व्हस कधी कधी," आणि आपल्या मक्याबद्दल बोलायला लागला.

उतरताना आप्पा त्या वळणावर गाडीतच बसून राहिले. डोळे मिटून, माझं मनगट धरून. खाली आल्यावर माझ्या हातावर चार बोटं उमटली होती.

घाट संपून सपाटी लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आन् तुन्हं काय? तुन्ही खालनी ओळमा काय शे?"

गाडीत माणसं होती म्हणून मी काही बोलले नाही. पण घरी आल्यावर दोघांनाही सांगितलं. परवानगी वगैरे काही नाही, नोकरी मी सोडलीय. तिथला साहेब फोनवर ओरडायचा, चूक माझी असो नसो. शेवटी शेवटी फोन नुसता वाजला तरी माझ्या छातीत धडधडायचं. म्हणून मी आता असंच काम घेते ज्यात कुणाशी बोलावं लागत नाही, सगळं लिहून. ओळखीच्या बाईंचे फोनसुद्धा मी उचलत नव्हते, नंतर मेसेज करायचे.

आई म्हणाली, "म्हनीसन तुन्हा फोन उशीखाले ऱ्हास." तेही तिने बघून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. स्क्रीनवर आप्पा. मी बाहेर बघितलं तर ते अंगणातच उभे, फोन कानाला लावून, माझ्याकडे पाठ करून.

"उचल," ते मोठ्याने म्हणाले. फोनमधून नाही, अंगणातून.

मी उचलला.

"काय करी ऱ्हायनी?"

"काम."

"बरं." त्यांनी फोन ठेवला.

असे ते रोज करू लागले. कधी स्टँडवरून, कधी पानटपरीवरून. बोलायला काही नसायचं. 'भेंडी लेऊ का गिलकी', एवढंच. कुणी ओरडायचं नाही. तीनवर ते भागलं नाही. मला वाटतं चाळिसाव्या की पन्नासाव्या फोनला मला कळलं की तो वाजल्यावर मी आधी घड्याळाकडे बघितलं, उशीकडे नाही. कंपनीच्या माणसाचा पहिला फोन मी त्यानंतर कधीतरी घेतला. तो बिचारा अगदी हळू आवाजात बोलणारा निघाला.

खेळ आता लोकांच्या हातात गेला आहे. माझी वाक्यं त्यात आहेत. नियमही तसाच आहे, तीन वेळा केलं की राखाडी गोल पुसला जातो आणि छान आवाज येतो. आप्पांचा गोल काही पुसला गेलेला नाही. महिन्यातून एक-दोनदा ते बसून धडगावला जातात. बहुतेक वेळा त्या वळणावर गाडीतच राहतात, धुकं असेल तर उतरून चालतात. ड्रायव्हरला आता सांगावं लागत नाही. स्टिअरिंगवर मात्र ते घाटात पुन्हा बसले नाहीत आणि बसायचं आहे असंही म्हणत नाहीत.

सपाटीवर ते चालवतात. गेल्या महिन्यात जीपला सुट्टी होती. त्यांनी आईला विचारलं, कोठे जावानं शे? आईला असं विचारणं आमच्या घरात नवीनच. तिने बराच वेळ घेतला. मला वाटलं, म्हणेल काही नको. मग म्हणाली, तापीकाठच्या प्रकाशाला, देवदर्शनाला, आणि पुढे बसून. ड्रायव्हरची बायको असून तिला जीपमध्ये पुढची खिडकी कधी मिळाली नव्हती. ती जागा सवारीची, असं तिचं तिनेच ठरवून टाकलेलं.

मी एकटी मागे बसले. आई पुढे, खिडकीवर कोपर टेकवून. तळोदं बरंच मागे पडलं, तापीचा पूल दूरवर दिसायला लागला. समोर ट्रॅक्टर होता, बराच लांब, आणि आप्पा पुन्हा पुन्हा वेग कमी करत होते.

"इतला ब्रेक काबर मारी ऱ्हायनात?" आई म्हणाली. "रस्ता रिकामा शे."

"तू दख ना बाहेर. दखाले उनी ना तू?"

"दखी ऱ्हायनी मी," आई म्हणाली आणि काच आणखी खाली केली.